गाडीचा तांत्रिक तक्ता वाचायचा कसा: अश्वशक्तीपासून ब्रेकपर्यंत

गाडीच्या माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. आधीच्या पानांवरचे फोटो सगळे मन लावून बघतात. तक्त्यात मात्र अश्वशक्तीचा आकडा शोधला, मनात दुसऱ्या गाडीशी तुलना केली की पान मिटलं जातं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण गाडी उभ्या जागेवरून कशी उठेल, चढावर दम खाईल का, हायवेवर किती इंधन पिईल, यातलं बरंचसं त्याच तक्त्यात लिहिलेलं असतं. फक्त तिथला कुठलाही आकडा एकटा वाचून उपयोग नसतो. अश्वशक्ती वजनाशी जोडावी लागते, टॉर्क गिअरशी आणि गिअर टायरशी. ही जोडणी कशी करायची ते इथे पायरीपायरीने पाहू. लागणारं गणित गुणाकार-भागाकाराच्या पुढे जात नाही.

उदाहरणासाठी एक काल्पनिक गाडी सोबत ठेवू. वजन १,४०० किलो, पेट्रोल इंजिन, ताकद ६,००० आरपीएमला (आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) १४० पीएस, टॉर्क ४,००० आरपीएमला २०० न्यूटन-मीटर, इंजिन पुढच्या चाकांना फिरवतं, टायर २०५/५५ आर १६. हे आकडे एका कागदावर लिहून घ्या, पुढे सतत लागतील.

पायरी १: अश्वशक्ती कोणत्या मापातली आहे?

तक्त्यात किलोवॅट, पीएस किंवा बीएचपी यांपैकी एक एकक असतं. १ किलोवॅट म्हणजे १.३६ पीएस किंवा १.३४ बीएचपी. म्हणजे ३०० बीएचपी आणि ३०४ पीएस ही एकच ताकद. दोन गाड्यांची तुलना करताना आधी दोन्ही आकडे एका एककात आणा. आपली १४० पीएसची गाडी १०३ किलोवॅटची.

जुन्या गाड्यांबद्दल वाचताना आणखी सावध राहावं लागतं. अमेरिकेत १९७१ पर्यंत कंपन्या सर्रास 'ग्रॉस' आकडा छापत. त्यासाठी इंजिन गाडीतून बाहेर काढून, त्यावर चालणारी जोडउपकरणं आणि गाडीतला एक्झॉस्ट न लावता मोजत. मग सगळं जोडून मोजलेला 'नेट' आकडा छापायची पद्धत आली. १९७१ च्या कॅडिलॅक एल्डोराडोचं ८.२ लिटरचं इंजिन ग्रॉस पद्धतीने ३६५ अश्वशक्तीचं होतं. पुढच्या वर्षी तेच इंजिन कागदावर २३५ वर आलं. गाडीच्या चालण्यात त्या प्रमाणात फरक पडला नव्हता, मोजपट्टी बदलली होती. जपानमध्ये उलटा प्रकार झाला. १९८९ पासून २००४ पर्यंत तिथल्या कंपन्यांनी आपसात समजुतीने २८० पीएसची मर्यादा पाळली. त्या काळातल्या बऱ्याच दणकट जपानी गाड्यांच्या तक्त्यात म्हणूनच नेमका २८० हा आकडा दिसतो, आणि काहींची खरी ताकद त्याहून जास्त होती.

पायरी २: टॉर्क आणि आरपीएम एकत्र वाचा

'टॉर्क महत्त्वाचा की पॉवर' हा वाद लोक तासन्‌तास घालतात. हे सूत्र पाठ असेल तर तो सुरूच होत नाही:

पीएस = न्यूटन-मीटर × आरपीएम ÷ ७,०२४

टॉर्क म्हणजे इंजिनाचा पीळ. तो पीळ मिनिटाला किती वेळा फिरतो, त्यावरून ताकद ठरते. आपल्या गाडीत ४,००० आरपीएमला २०० न्यूटन-मीटर आहेत, म्हणजे तिथे ११४ पीएस. उलट बाजूने, ६,००० ला १४० पीएस आहेत म्हणजे तिथे टॉर्क १६४ वर उतरलेला आहे. तक्त्यात दिलेल्या दोन बिंदूंवरून असे आणखी दोन बिंदू मिळतात आणि इंजिनाचा स्वभाव दिसू लागतो.

आता दोन खऱ्या इंजिनांकडे बघा. होंडाने १९९९ मध्ये आणलेल्या एस२००० चं दोन लिटरचं पेट्रोल इंजिन जपानी बाजारात ८,३०० आरपीएमला २५० पीएस देत होतं. टॉर्क ७,५०० ला फक्त २१८ न्यूटन-मीटर. त्याच सुमारास फोक्सवॅगन गोल्फच्या चौथ्या पिढीत १.९ लिटरचं टर्बो डिझेल होतं (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा). त्याचे ४,००० ला १५० पीएस, आणि टॉर्क अवघ्या १,९०० ला ३२० न्यूटन-मीटर. दोन्ही इंजिनं पूर्ण पिळून काढली तर होंडा सहज पुढे जाते, कारण तिचं इंजिन दुपटीने फिरतं आणि त्यामुळे तिला दुप्पट खोल गिअर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे दुप्पट फेरे, देता येतो. चाकाशी पोचणारी ओढ त्यातून वाढते.

पण शहरातल्या चालीत कोणी ८,००० पर्यंत इंजिन फिरवत नाही. १,९०० आरपीएमला डिझेल ३२० × १,९०० ÷ ७,०२४ = ८७ पीएस देऊन बसलेलं असतं. होंडाला तिथे तिचा कमाल टॉर्क मिळतो असं उदारपणे धरलं तरी ५९ पीएस होतात, खरा आकडा त्याहून कमीच. गिअर न बदलता पुढच्या ट्रकला मागे टाकायचं असेल तर डिझेल सरस ठरतं, आणि चालवणाऱ्याला गिअर खाली टाकून इंजिन ओरडू द्यायला आवडत असेल तर होंडा. दोन्ही चांगली इंजिनं आहेत, चालवण्याची रीत वेगळी आहे.

इथे कंपनीचा इतिहास कामाला येतो. होंडा मोटरसायकलींतून मोठी झालेली कंपनी. लहान इंजिन वेगाने फिरवून त्यातून ताकद काढणं तिच्या हाडीमांसी होतं. १९८९ च्या इंटेग्रामध्ये तिने व्हीटेक आणलं. कमी आरपीएमला व्हॉल्व्ह थोडे उघडायचे आणि वर गेल्यावर कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्याचा, वेगळा उंचवटा वापरून जास्त वेळ, जास्त खोल उघडायचे, अशी ती रचना. १.६ लिटरमधून टर्बोशिवाय १६० पीएस त्या काळी थक्क करणारे होते. टर्बोची वाट दुसरीच. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखीने १९०५ मध्ये पेटंट घेतलं, पण विक्रीतल्या मोटारींत टर्बो आले १९६२ मध्ये, ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरले कॉर्व्हेअरमधून. ते रोजच्या वापरासाठी सौम्य करण्याचं श्रेय मी सत्तरच्या दशकाअखेरीच्या साब ९९ टर्बोला देतो.

आजच्या टर्बो पेट्रोल गाड्यांच्या तक्त्यात टॉर्कपुढे एक आरपीएम न देता '१,५०० ते ४,०००' असा पट्टा दिलेला असतो. तो पट्टा जितका खालून सुरू होतो आणि जितका लांब असतो, तितकी गाडी कमी गिअर बदलून चालते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर टर्बो जागा व्हायला किती वेळ घेतो हे मात्र तक्ता सांगत नाही. ते गाडी चालवूनच कळतं.

पायरी ३: ताकद वजनाने भागा

१४० पीएस भागिले १.४ टन म्हणजे टनामागे १०० पीएस. अनोळखी गाडीबद्दल मला एकच आकडा विचारायची परवानगी असेल तर मी हाच विचारेन. १९७६ ची पहिली गोल्फ जीटीआय ११० पीएसची होती, पण वजन ८१० किलो, म्हणून टनामागे १३६. आज ११० पीएस ऐकून कोणी मान वर करणार नाही, पण त्या गाडीने तिच्या काळात मोठमोठ्या इंजिनांना घाम फोडला. १९९६ ची लोटस एलिस याहून पुढे गेली. संस्थापक कॉलिन चॅपमनने कंपनीला लावलेली हलकेपणाची शिस्त त्याच्या पश्चातही टिकली होती. ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या इपॉक्सी गोंदाने चिकटवून केलेला तिचा सांगाडा ६८ किलोचा. पूर्ण गाडी साधारण ७२५ किलो, इंजिन १२० पीएसचं, टनामागे १६५.

वजनाच्या आकड्यातही मोजण्याची रीत तपासा. 'ड्राय वेट'मध्ये इंधन, तेल, कूलंट नसतं. जर्मन डीआयएन पद्धतीत ही द्रव्यं धरतात, चालक धरत नाहीत. युरोपीय संघाच्या पद्धतीत चालक आणि थोडं सामान मिळून ७५ किलो आणि ९० टक्के भरलेली टाकी धरतात. एका गाडीचं वजन एका पद्धतीने आणि दुसरीचं दुसऱ्या पद्धतीने घेऊन तुलना केली तर शंभर किलोची चूक सहज होते.

मग गाडी भरून हिशोब करा. पाच माणसं आणि सामान मिळून ४०० किलो धरले तर आपल्या गाडीचे टनामागे १०० पीएस ७८ वर येतात. दोघं जाताना जी गाडी चपळ वाटली ती कुटुंब घेऊन चढावर का रखडते, याचं उत्तर त्या एका भागाकारात आहे. गाडी बहुतेक वेळा भरून चालवणार असाल तर रिकाम्या गाडीचा आकडा बाजूला ठेवा आणि हाच वापरा.

पायरी ४: गिअर आणि टायर

या पायरीला सगळे कंटाळतात. मला मात्र तक्त्यातली सगळ्यात बोलकी ओळ हीच वाटते.

सुरुवात टायरपासून. २०५/५५ आर १६ ९१ व्ही यात २०५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे ११२.७५ मिमी. आर म्हणजे रेडियल बांधणी, जी मिशलँने १९४६ मध्ये पेटंट केली. १६ म्हणजे इंचांत रिमचा व्यास. ९१ हा भाराचा क्रमांक, एका टायरला ६१५ किलो. व्ही म्हणजे ताशी २४० किमीपर्यंत. रिमचे ४०६ मिमी आणि दोन भिंतींचे २२५ मिमी मिळून व्यास ६३२ मिमी, आणि घेर १.९८५ मीटर. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तेवढी पुढे सरकते. १०० किमी वेगाला चाक मिनिटाला ८४० वेळा फिरतं.

समजा आपल्या गाडीत पहिला गिअर ३.५, दुसरा २.०, सर्वांत वरचा ०.७५ आणि फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्स आणि चाकं यांमधली कायमची दातेजोडी) ४.० आहे. दोन्ही आकडे गुणले की चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे ते मिळतं. वरच्या गिअरला ०.७५ × ४ = ३, म्हणून १०० किमीला इंजिन ८४० × ३ = २,५२० आरपीएमवर. हायवेवर इंजिन शांत राहील की तासन्‌तास घोंघावेल, हे शोरूममध्ये पाय न ठेवता कळलं.

पहिल्या गिअरमध्ये २०० × ३.५ × ४ = २,८०० न्यूटन-मीटर चाकाशी पोचतात. चाकाच्या ०.३१६ मीटर त्रिज्येने भागून घर्षणात जाणारा दहावा हिस्सा वजा केला की जवळपास ८,००० न्यूटन ढकल मिळते. वरच्या गिअरमध्ये हीच ढकल १,७०० च्या आसपास उरते. इंजिन तेच, फरक सगळा दात्यांचा.

आणखी एक गंमत बघा. ६,००० आरपीएमला दुसऱ्या गिअरमध्ये आपली गाडी ८९ किमीपर्यंत जाते. म्हणजे शून्य ते शंभर करताना तिसरा गिअर टाकावाच लागणार आणि तिथे काही दशांश सेकंद जाणार. दुसरा गिअर २.० ऐवजी १.७५ केला तर तो १०२ किमीपर्यंत ओढतो आणि जाहिरातीतला आकडा सुधारतो. काही कंपन्या मुद्दाम असं करतात. त्याची किंमत चढावरच्या वळणांवर मोजावी लागते, कारण दुसऱ्या गिअरचा जोर कमी झालेला असतो. म्हणून शून्य ते शंभरचा वेळ वाचताना शेजारी गिअरच्या ओळीवर बोट ठेवा.

गिअरचं महत्त्व मोटारीच्या जन्मापासूनचं आहे. कार्ल बेन्झने २९ जानेवारी १८८६ ला ज्या तीनचाकीचं पेटंट मागितलं तिची ताकद पाऊण अश्वशक्ती होती. दोन वर्षांनी बर्था बेन्झ आपल्या दोन मुलांसह तशीच एक गाडी घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला निघाली. शंभराहून जास्त किलोमीटरच्या त्या प्रवासात चढावर मुलांना उतरून गाडी ढकलावी लागली. त्या अनुभवातून चढासाठी आणखी एक खालचा गिअर आला. ज्या प्रवासाने मोटार ही वापरण्याजोगी वस्तू आहे हे जगाला दाखवलं, त्यानेच तिला काय कमी आहे तेही दाखवलं, म्हणून मला बर्था बेन्झ फार मोठी चाचणी अभियंता वाटते. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीला पुढे जायचे दोनच गिअर होते आणि रिव्हर्स त्यांच्याहून खोल. त्यात पेट्रोल ढकलायला पंप नव्हता, ते टाकीतून फक्त स्वतःच्या वजनाने इंजिनाकडे उतरायचं. त्यामुळे उभ्या चढावर लोक ती गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये वर चढवत.

टायर मोठे लावायचा विचार असेल तर आधी घेर मोजा. आपल्या गाडीला २१५/६० आर १६ लावले तर व्यास ५ टक्क्यांनी वाढतो. सगळे गिअर तेवढे लांब होतात, पिकअप घटतो आणि काटा १०० दाखवत असताना गाडी आधीपेक्षा ५ टक्के जास्त वेगाने जात असते.

पायरी ५: ती ढकल रस्त्यावर उतरते का?

पहिल्या गिअरमधले ८,००० न्यूटन आठवा. आपल्या गाडीचं ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर धरलं तर ८४० किलो. कोरड्या रस्त्यावर पकडीचा गुणांक (चाकांवरच्या वजनाच्या किती पट ढकल टायर पेलतात तो आकडा) ०.९ घेतला तर पुढची चाकं साधारण ७,४०० न्यूटनच रस्त्याला देऊ शकतात. गाडी उठताना वजन मागे सरकतं, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. पूर्ण दाबलं तर चाकं जागीच फिरणार. दीडशे-दोनशे पीएसच्या पुढे फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये सुरुवातीच्या काही मीटरांत वाढीव ताकद वाया जाते, ती यामुळे.

मग बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर का चालतात? जागेसाठी. सित्रोएनने १९३४ मध्ये ट्रॅक्शन अव्हाँ आणली आणि तिच्या खर्चाने कंपनी दिवाळखोरीत जाऊन मिशलँच्या हाती गेली, पण पुढच्या चाकांची वाट मोकळी झाली. १९५९ मध्ये ॲलेक इसिगोनिसने मिनीमध्ये इंजिन आडवं बसवून गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली तेलाच्या टाकीत घातला. कीर्ती मिनीला मिळाली. आज जगभर जी मांडणी दिसते ती मात्र फियाटचा अभियंता दान्ते जाकोझा याची आहे: इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्या बाजूला आणि दोन्ही चाकांना असमान लांबीचे दांडे. त्याने ती १९६४ मध्ये आउटोबियांकी प्रिम्युलावर आजमावली आणि १९६९ च्या फियाट १२८ मध्ये पक्की केली. त्याचं नाव इसिगोनिसइतकं घेतलं जात नाही, ते घेतलं जायला हवं.

चारही चाकांना ताकद दिली तर सगळं वजन पकडीला लागतं. १९८० च्या आउडी क्वाट्रोने रॅलीत हे ठसवलं. पण इथेही भौतिकशास्त्राची भिंत आहे. गुणांक १ धरला तर शून्य ते शंभरला किमान २.८ सेकंद लागतात. त्याहून कमी आकडा दिसला तर समजा की खास चिकट टायर किंवा खास तयार केलेला ट्रॅक आहे, किंवा अमेरिकी रीतीप्रमाणे पहिला एक फूट मोजलेलाच नाही. त्या एका फुटात साधारण दोन-तीन दशांश सेकंद लपतात.

सामान्य गाडीचा वेळ ताडायचा असेल तर ऊर्जेने भागा. १,४०० किलोला १०० किमी वेग द्यायला ५४० किलोज्यूल लागतात. १०३ किलोवॅटने भागले की ५.२ सेकंद. इंजिन सतत कमाल ताकदीवर राहत नाही आणि गिअर बदलण्यात वेळ जातो, म्हणून खरा वेळ याच्या दीडपट ते दुपटीच्या दरम्यान येतो.

पायरी ६: हवेचा हिशोब

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने. तक्त्यात 'सीडी' म्हणून ०.३० असा आकडा असेल तर तो आकाराचा गुळगुळीतपणा सांगतो. त्याला समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळाने गुणल्याशिवाय तो अर्धवट असतो. आपल्या गाडीचं क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर धरू, गुणाकार ०.६६. उंच एसयूव्हीचा सीडी ०.३५ आणि क्षेत्रफळ २.६ असेल तर गुणाकार ०.९१. हवेला ३८ टक्के जास्त ढकलावं लागतं, आणि हायवेवर दर किलोमीटरला.

१०० किमी वेगाला आपल्या गाडीला हवेचा ३०६ न्यूटन आणि टायरच्या घर्षणाचा सुमारे १३७ न्यूटन विरोध. दोन्ही मिळून चाकाशी १२.३ किलोवॅट, म्हणजे जेमतेम १७ पीएस. १४० पीएसच्या इंजिनाला सपाट रस्त्यावर शंभरला एवढंच काम असतं. २०० किमीला मात्र १०३ पीएस लागतात. दुप्पट वेगाला सहापट ताकद.

हा नियम किती कठोर आहे ते बुगाटीने खर्च करून दाखवलं. २००५ मध्ये १,००१ पीएसची व्हेरॉन ४०८ किमीपर्यंत गेली. २०१० मध्ये सुपर स्पोर्टला १,२०० पीएस दिले, म्हणजे २० टक्के जास्त, आणि वेग ४३१ वर गेला, म्हणजे साडेपाच टक्के. घनाचा नियम अगदी जवळपास तंतोतंत.

आपल्यासाठी याचा उपयोग इंधनाचा आहे. १०० ऐवजी १३० ने गेलं की एकूण विरोध ४४३ वरून ६५४ न्यूटनवर जातो, म्हणजे दर किलोमीटरला ४७ टक्के जास्त ऊर्जा. तक्त्यातलं मायलेज वाचताना कोणत्या चाचणीचं आहे हे म्हणूनच बघायचं. जुनी युरोपीय एनईडीसी चाचणी ११ किमीची आणि फार सौम्य होती. २०१७ पासून तिच्या जागी आलेली डब्ल्यूएलटीपी २३ किमीची आहे आणि १३१ किमी वेगाला स्पर्श करते. दोन वेगळ्या चाचण्यांचे आकडे एका ओळीत मांडू नका.

पायरी ७: थांबायचा आकडा

पकडीचा गुणांक १ धरला तर १०० वरून थांबायला ३९ मीटर लागतात. चांगल्या टायरांवर बऱ्याच गाड्या याच्या आसपास थांबतात, कारण एका जोरदार ब्रेकमध्ये टायर आधी हार मानतात, ब्रेक नंतर. तक्त्यात मोठ्या डिस्क बघायच्या त्या उतारावर वारंवार ब्रेक लागतात म्हणून. प्रत्येक वेळी ५४० किलोज्यूल उष्णता होते आणि ती कुठेतरी जायला हवी. बंद ड्रम तापून ढिले पडत, उघडी डिस्क लवकर निवते. १९५३ मध्ये जॅग्वारने डनलॉपच्या डिस्क लावलेल्या सी-टाइपवर ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली, आणि दोनच वर्षांनी सित्रोएन डीएसमध्ये पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले.

या पायरीतला एक आकडा प्रत्येक चालकाने लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं. दोन सारख्या गाड्या, एक १०० ने आणि एक १४० ने, एकाच बिंदूवर ब्रेक दाबतात. पहिली जिथे पूर्ण थांबते, त्या जागी दुसरी अजून ताशी ९८ किमीने जात असते.

एबीएस आणि स्थिरता नियंत्रण या ओळी शोधाच. बॉशचं एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमधून आलं. चाकं जाम होऊ न देता स्टिअरिंग हातात ठेवणं हे त्याचं मुख्य काम. स्थिरता नियंत्रण, म्हणजे ईएसपी, गाडी घसरू लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सावरतं; ते १९९५ चं. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या पत्रकारांच्या अचानक वळणाच्या चाचणीत नवी ए-क्लास उलटली, तेव्हा मर्सिडीजने ते त्या छोट्या गाडीत सरसकट दिलं आणि छोट्या गाड्यांचं चित्र पालटलं.

पायरी ८: इलेक्ट्रिक गाडीचा तक्ता

ताशी १०० किमी ओलांडणारी पहिली मोटार इलेक्ट्रिक होती: कामिय जेनात्झीची ला जामे काँतांत, १८९९. आजच्या तक्त्यात ३०० न्यूटन-मीटर, १५० किलोवॅट आणि एकच ९ चा गिअर लिहिलेला असेल तर चाकाशी २,७०० न्यूटन-मीटर पोचतात, जवळपास आपल्या पेट्रोल गाडीच्या पहिल्या गिअरइतके. फरक एवढाच की हा जोर ६३ किमीपर्यंत तसाच राहतो आणि मग हळूहळू उतरतो. बॅटरीत 'वापरता येणारे' किलोवॅट-तास बघा, एकूण नव्हे. ६० असतील तर आपल्याच हिशोबाने, वाटेत दहा-बारा टक्के ऊर्जा वाया जाते असं धरून आणि बॅटरीचं वाढीव वजन सोडून, १०० ला ४३० आणि १३० ला २९० किमीच्या आसपास. जलद चार्जिंगचा कमाल आकडा काही मिनिटांपुरता असतो, म्हणून १० ते ८० टक्क्यांचा वेळ विचारा.

पायरी ९: तक्त्यात नसलेलं, आणि चाचणी फेरी

जर्मन कंपनी एनएसयूची १९६७ ची आरओ ८० कागदावर अप्रतिम होती. दोन रोटरचं व्हँकेल इंजिन (पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतात ते, म्हणजेच रोटरी), प्रत्येक कक्ष अर्ध्या लिटरचा, ११५ पीएस, सीडी ०.३५५, आणि युरोपात वर्षातली सर्वोत्तम गाडी म्हणून सन्मान. पण रोटरच्या टोकांचे सील लवकर झिजत. वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी खचली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या छत्राखाली आउटो युनियनमध्ये विलीन झाली. माझदाने तेच तंत्र घेतलं, सीलवर चिकाटीने काम केलं आणि १९९१ मध्ये रोटरी इंजिनावर ल मान्स जिंकली. टिकाऊपणा तक्त्यात येत नाही. त्यासाठी ते विशिष्ट इंजिन आणि तो विशिष्ट गिअरबॉक्स किती वर्षं विक्रीत आहे ते शोधा. नवं कोरं तंत्र पहिल्याच वर्षी घ्यायची घाई मी करणार नाही.

चाचणी फेरीला जाताना हिशोबाचा कागद सोबत घ्या. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ८० किमी वेग धरून आरपीएम बघा. आपल्या गाडीत तो २,०१५ च्या आसपास यायला हवा. मग चढ असलेला रस्ता निवडा, शक्य असेल तर तीन-चार माणसं बसवा आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून न बदलता वर न्या. टर्बो कधी जागा होतो ते इथे कळेल. रिकाम्या जागी, मागे कोणी नाही याची खात्री करून, ५० वरून एकदा जोरात ब्रेक दाबा आणि गाडी सरळ रेषेत राहते का ते बघा. शेवटी टायरच्या भिंतीवरचा चार अंकी क्रमांक वाचा. पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. तिथला आकार माहितीपत्रकातल्या आकाराशी जुळत नसेल तर गिअरपासूनचा सगळा हिशोब त्या टायरवर पुन्हा करा, आणि तक्त्यातले आकडे कोणत्या टायरवर मोजले होते ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.